फोर्टमधले पंखवाले, शेपटीवाले, तोंड वासलेले प्राणी ओळखायचे कसे

सीएसएमटीवरून आपण सगळे जातो येतो पण इंडिकेटर सोडून वर बघतो कोण. एखाद्या रविवारी सकाळी आठच्या आत या, गर्दी नसते, ऊन नसतं, फोनचा झूम बरा असेल तर तेवढ्यावर भागतं. आणि प्राणी दिसला की लगेच ‘हा कोण’ म्हणून गुगल करत बसू नका, आधी बघा तो बसलाय कुठे. दारात, पाण्याच्या वाटेवर, की देवाच्या डोक्यावर. जागेवरून त्याची ड्युटी कळते आणि ड्युटी कळली की नाव आपोआप सापडतं, कारण जुन्या कारागिरांनी हे प्राणी शोभेला कमी आणि कामाला जास्त लावलेत.

सुरुवात स्टेशनपासूनच करा. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही बिल्डिंग, १८७८ ला काम सुरू झालं ते दहाएक वर्षं चाललं, कोरीवकामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या मुलांचा हात आहे. गेटवरचे सिंह आणि वाघ आपल्या यादीत नकोत, ते खरेच प्राणी, एक इंग्लंडचा एक आपला. आपल्याला हवेत ते वर भिंतीतून मान बाहेर काढून बसलेले. त्यांच्या तोंडात भोक किंवा पन्हळ दिसते का बघा, असेल तर ते खरं गार्गॉईल, म्हणजे छपराचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारं, आणि नसेल तर नुसतं भेडसावायला बसवलेलं तोंड. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चवर यांची रांगच असते. आपल्याकडे हेच खातं मकराकडे. देवळाच्या बाहेर जिथून अभिषेकाचं पाणी पडतं तिथे मगरीसारखा जबडा, थोडीशी सोंड आणि मागे माशाची शेपटी असं काहीतरी दिसलं की तो मकर समजा (बऱ्याच ठिकाणी तिथे गोमुख असतं, ते वेगळं).

आता डी. एन. रोडने फ्लोरा फाउंटनकडे चालायला लागा. वाटेत वाच्छा अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, लागते, दाराशी दाढीवाला माणसाचा चेहरा, डोक्यावर उंच मुकुट, बैलाचं अंग आणि पंख असलेले दोन दांडगे पहारेकरी. हे लामासू. बाहेरूनच बघा, आत पारशी सोडून कोणाला प्रवेश नाही आणि दारात उभं राहून सेल्फी तर अजिबात नको, तिथे लोक प्रार्थनेला येतात. लामासूचे पाय मोजायची सवय लावून घ्या, यात खरी गंमत आहे. इराकमधल्या निमरूद आणि खोर्साबादच्या असिरियन राजवाड्यांत, म्हणजे इसवी सनापूर्वी नवव्या-आठव्या शतकात, कारागिरांनी त्याला पाच पाय दिले, समोरून बघितलं तर दोन पाय जुळवून उभा आणि बाजूने बघितलं तर चार पायांवर चालतोय. पुढे इराणमध्ये पर्सेपोलिसला राजा झर्क्सीसच्या दरवाजावर तोच प्राणी आला तेव्हा पाय चारच राहिले. पारशांनी तो इराणच्या आठवणीतून आपल्या दारात आणला, मूळचा तो झरथुष्ट्री नाहीच, पण दार राखायचं काम तेच. आणि मुंबईचा अजून एक धागा म्हणजे १८४० च्या दशकात निमरूदला खोदकाम झालं तेव्हा तिथले दगड बसऱ्याहून लंडनला जाताना आपल्या बंदरातून गेले.

तिसरी जागा, देवाचं डोकं. यासाठी कुठे जायला नको, घरातल्या देव्हाऱ्यात पितळी प्रभावळ असेल तर तिच्या टोकाला बघा. बटबटीत डोळे, शिंगं, फुगलेले गाल, वरचे दात दिसतात आणि खालचा जबडा बहुतेक वेळा गायबच. हे कीर्तिमुख. गोष्ट अशी की शंकराने राहूला खायला एक भुकेला गण निर्माण केला, राहू शरण आला, मग आता खाऊ काय म्हटल्यावर शंकर म्हणाले स्वतःलाच खा, आणि त्याने खरंच खाल्लं, फक्त तोंड उरलं. म्हणून अंग शोधू नका, नसतंच. देवळाच्या उंबरठ्यावरही हाच असतो. इंडोनेशियातल्या जावामध्ये बोरोबुदूरच्या बौद्ध स्तूपाला दारावर हाच चेहरा ‘काल’ या नावाने असतो आणि खाली दोन्ही बाजूंना मकर, म्हणजे आपली प्रभावळ जशीच्या तशी दगडात. चीनच्या शांग काळातल्या काशाच्या भांड्यांवर ताओत्ये नावाचं असंच जबडा नसलेलं तोंड असतं, पण दिसतं सारखं म्हणून नातं जोडायची घाई नको, व्हॉट्सॲपवर तेवढे शोध पुरेसे आहेत.

किल्ल्यांवर गेलात तर पंज्याखाली काय आहे ते बघा. जंजिऱ्याच्या दरवाजावर सिंहासारखा प्राणी आहे, चार पंज्यांत चार हत्ती, एक तोंडात, एक शेपटीत गुंडाळलेला, म्हणजे धमकीच ती. शिवनेरीला शरभ, म्हणजे सिंहासारखा पुराणातला प्राणी, दिसतो. दोन डोक्यांचा पक्षी असेल तर गंडभेरुंड, तोच कर्नाटकच्या राजचिन्हावर आहे, आणि दोन डोक्यांचा गरुड बायझँटियममध्ये, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यात होता, रशियात आजही आहे.

फाउंटनवरून पुढे म्युझियमला या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. असिरियन राजवाड्यातले कोरीव दगड इथे आहेत, ते लामासू बघितल्यावर लगेच बघा. मग चिनी-जपानी दालन. तिथे ड्रॅगनची नखं मोजायची, पाच असतील तर चीनच्या बादशाहाशी संबंध असण्याची शक्यता, चार असतील तर सरदार वगैरे, जपानी ड्रॅगनला साधारण तीन. हा ठोकताळा आहे, कायदा नाही, भांडी बनवणारे नेहमी नियम पाळायचेच असं नाही. पाश्चात्य ड्रॅगन मात्र नखांवरून नाही, पायांवरून ओळखा, इंग्लिश राजचिन्हांच्या पद्धतीत चार पाय आणि पंख म्हणजे ड्रॅगन, दोनच पाय असतील तर वायव्हर्न. ब्रिटिश राजचिन्ह कुठे दिसलं तर सिंहासमोरचा एकशिंगी घोडा बघा, त्याच्या गळ्यातून साखळी असते, तो स्कॉटलंडचा.

घारापुरीला जाणार असाल तर सोमवार सोडून जा, लेणी बंद असतात. अर्धनारीश्वराच्या शिल्पात वरच्या देवांच्या गर्दीत मकरावर बसलेला वरुण शोधा. वेळ लागेल, दगड बराच झिजलाय, आणि मकर एकदा नीट बघून गेला असाल तरच सापडेल, म्हणून देवळातला मकर आधी आणि बोट नंतर.