पंचगंगेची सफाई करताय? या चुका टाळा

आमच्या तालमीची पोरं पहिल्यांदा कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर सफाईला उतरली, तेव्हा दुपारपर्यंत घाट लख्ख झाला. फोटो निघाले, मिसळ झाली. आठवड्याभरात घाट पुन्हा होता तसा! जागाच चुकली होती. घाटावर दिसते ती वरवरची घाण. नदीचा खरा घात जयंती आणि दुधाळी नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्यानं होतो. म्हणून आधी नाल्याकाठानं चाला आणि कुठली गटार कुठं मिळते ते वहीत टिपा. हे काम रटाळ आहे, फोटोही बरे येत नाहीत, पण पुढं पाठपुरावा करायला हीच वही लागते.

दुसरी चूक केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची. नदीतून ओढायचं आणि काठावरच ढीग घालून घरी जायचं. वळवाच्या एका पावसात तो ढीग परत पाण्यात. ओढलेलं केंदाळ त्याच दिवशी ट्रॉलीत भरून पूररेषेबाहेर न्या आणि जांभळी फुलं यायच्या आधीच काढा. बी एकदा गाळात पडलं की वर्षानुवर्षं रुजतं. आणि एवढं करूनही ते पुन्हा येणारच, कारण सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद हेच त्याचं खत. म्हणजे फिरून नाल्यापाशीच आलो.

मासे मेल्यावर होणाऱ्या चुका सगळ्यात महाग पडतात. उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) असतात, पाणी तुंबतं, घाण तळाला बसते आणि पाण्यातला प्राणवायू संपत जातो. पहाटे तो सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळसुद्धा तोच वापरतं. आपण जेवणखाण उरकून दुपारी अकराला पोचतो, तोवर उन्हानं शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडू लागलेलं असतं. वरनं धरणाचं पाणी सोडलं असेल तर विषयच संपला, पुरावा वाहून गेला. मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसले की तिथूनच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला फोन करा. वेळ आणि बंधाऱ्याचं नाव दिसेल असे फोटो काढा आणि पंचनाम्याचा आग्रह धरा.

पाण्याचा नमुना कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरी ठेवू नका. प्राणवायू जागेवरच मोजायचा असतो, नाहीतर रसायन घालून तिथल्या तिथं स्थिर करावा लागतो. बाकीच्या तपासण्यांसाठी प्रयोगशाळेकडून बाटली आणा, ती पाणी येतं त्या दिशेला (प्रवाहाच्या उलट) तोंड करून काठापासून थोडी आत, वीतभर खोल भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

निर्माल्याबद्दल एवढंच, की कुंडात टाकताना दोरा आणि पिशवी वेगळी काढा. नाहीतर खत होत नाही, नुसता कचरा होतो.

राहिली झाडं. काठ 'स्वच्छ' करायच्या नादात आम्ही एकदा झाडोरा तोडून तिथं गुलमोहर लावले होते. २०२१च्या पुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५६ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४३), आणि आमचे गुलमोहर कुठं गेले कळलंच नाही. शेजारी तोडायची राहून गेलेली वाळुंजाची (नदीकाठी आपसूक वाढणारी) झाडं मात्र गाळ धरून उभी होती. आता आम्ही त्यांच्याच फांद्या तोडून लावतो, पाऊस लागला की.