फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंटिंगमधली नासाडी: या चुका टाळा

तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात पर्यावरणाचा विषय निघाला की बोलणं लगेच 'इको' शाईवर आणि महागड्या मशीनवर जातं. खरी नासाडी मात्र रोज कटिंगच्या टेबलाखाली पडलेली असते: नाव चुकलेला बॅनर, पट्टे आलेला बॅनर, रोलच्या कडेच्या चिंध्या. पुन्हा छापावा लागलेल्या बॅनरला फ्लेक्स, शाई आणि वीज दुप्पट लागते, मशीन कोणतंही असो. म्हणून सुरुवात तिथून करा.

मोबाईलवर 'ओके' घेऊन प्रिंट सोडणं

भागवत सप्ताहाच्या किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) बॅनरवर तीस-चाळीस नावं सहज असतात. जुन्या मराठी फॉन्टमधली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की जोडाक्षर तुटतं, रफार सरकतो. फॉन्ट आधी कर्व्हमध्ये (म्हणजे अक्षरांच्या रेषांच्या चित्रात) बदला आणि प्रूफ त्या बदललेल्या फाईलचंच पाठवा. नावांचा भाग वेगळा, मोठा करून पाठवा आणि ग्राहकाला फोनवर नावं वाचून दाखवायला सांगा. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवा, नाहीतर तो दाबला जाऊन धूसर होतो. दुरून पाहायच्या मोठ्या बॅनरला प्रत्यक्ष आकारात ७२ ते १०० डीपीआय (इंचाला ठिपके) पुरे.

काळ्या पार्श्वभूमीला चारही रंग १०० टक्के देऊ नका. शाई वाळत नाही, बॅनर गुंडाळला की चिकटतो आणि उलगडताना रंग उपटून येतो. काळा १०० आणि बाकीचे तीन ३०-४० टक्के ठेवले तरी काळा गडदच दिसतो.

हाताला लागेल तो रोल लावणं

३×६ फुटांचे तीन बॅनर आहेत आणि मशीनवर ८ फुटी रोल चढलेला आहे. सहा फुटांची बाजू आडवी धरली तर ९ फूट लांबी लागते. ७२ चौरस फुटांपैकी १८ वाया. तेच तीन बॅनर १० फुटी रोलवर शेजारी शेजारी उभे लावले तर ६० चौरस फुटांत काम होतं आणि ६ चौरस फूट उरतात. यासाठी ऑर्डर आली की लगेच छापायची सवय सोडावी लागते. दिवसाच्या दोन फेऱ्या ठरवा, एक दुपारची, एक संध्याकाळची. चालू मशीन मधल्या वेळेत नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) सुकू नयेत म्हणून शाईचे फ्लॅश मारत राहतं, ती शाईही वाचते.

नोझल गेलं की पर्जवर पर्ज मारणं

पर्ज म्हणजे नोझल मोकळं करायला त्यातून दाबाने शाई बाहेर काढणं. उन्हाळ्यात सर्वात जास्त शाई इथे जाते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की नोझलच्या तोंडावरची शाई उभ्या उभ्या वाळते. मशीनच्या खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्के हवी, म्हणून भिंतीवर एक साधा आर्द्रतामापक लावा. कुलर चालेल, पण त्याचा झोत कॅरेजवर (नोझलचं हेड घेऊन सरकणाऱ्या भागावर) नको. वाऱ्याने हेड जास्तच सुकतं आणि कुलरच्या पॅडचा भुसाही उडतो. पावसाळ्यात कुलर बंदच ठेवा.

पट्टा दिसला तर आधी नोझल चेक (कोणती नोझल चालतात ते दाखवणारी छोटी छपाई) काढा. ज्या रंगाची नोझल गेली तेवढाच रंग एकदा पर्ज करा, लिंट न सुटणाऱ्या कापडाने हलक्या हाताने टिपा, १५-२० मिनिटं थांबा, पुन्हा चेक काढा. तरीही नोझल आलं नाही तर सब-टँकची (हेडला शाई पुरवणाऱ्या छोट्या टाकीची) पातळी, फिल्टर आणि निगेटिव्ह प्रेशर (शाई गळू न देणारी ओढ) पाहा. हवा शिरलेली असेल तर दहा पर्ज मारूनही काही होत नाही, वाया शाईची बाटली तेवढी भरते.

अक्षरं दुहेरी किंवा सरकलेली येत असतील तर दोष हेडचा नसून एन्कोडर पट्टीचा (कॅरेज कुठे आहे ते मशीनला सांगणाऱ्या खुणांच्या पट्टीचा) असू शकतो. जिनिंगच्या हंगामात कापसाचं तूस त्या पट्टीवर बसतं. पट्टी सॉल्व्हंटने (शाई विरघळवणाऱ्या द्रवाने) पुसू नका, तिच्यावरच्या खुणा जातात.

लाईट गेली की कॅरेज मध्येच उघडी अडकते. निदान मशीन आणि कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा (शाई वाळवणारे हीटर नको, त्यांचा लोड मोठा असतो), म्हणजे कॅरेज जागेवर नेऊन हेड झाकता येतं.

टिनाच्या शेडमध्ये शाई साठवणं

स्वस्त सॉल्व्हंट शाईत बहुतेक वेळा सायक्लोहेक्सानोन हा पेट घेणारा द्रव असतो. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) सुमारे ४४ अंश आहे. चंद्रपूर, अकोल्याकडचं मे महिन्याचं तापमान आठवा, म्हणजे टिनाखालच्या कॅनची स्थिती कळेल. कॅन थंड, सावलीच्या खोलीत, स्विचबोर्डपासून दूर ठेवा. वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून एक्झॉस्ट फॅन जमिनीलगत बसवा. छताजवळचा फॅन ती ओढत नाही.

'बायोडिग्रेडेबल' या शब्दावर भरवसा

१ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी (फ्लेक्स ज्याचा बनतो ते प्लास्टिक) बॅनरवर बंदी आहे. पण जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात आणि रोलवर जीएसएम म्हणजे वजन लिहिलेलं असतं, दोन्ही एक नव्हे. शिवाय जाड फ्लेक्स कायद्यात बसतो, पण म्हणून तो कुजतो असं नाही. पीव्हीसीच्या पोटात पॉलिस्टरची जाळी असते, ती वेगळी काढणं अवघड असल्याने भंगारवालाही घेत नाही. विक्रेता कंपोस्टेबल म्हणत असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा.

पॉलिथिनचे रोल पुनर्वापराला सोपे आहेत, पण पीव्हीसीच्या हीटर सेटिंगवर ते आकसतात. हीटर कमी करून आधी एक फुटाचा पट्टा छापून पाहा. कापसाच्या मुलखात सुती बॅनर सुचणं साहजिक आहे, पण सब्लिमेशनची शाई (उष्णतेने वाफ होऊन कापडात उतरणारी) पॉलिस्टरवरच धरते, सुतावर नाही. सुतासाठी पिगमेंट शाई आणि उष्णतेने पक्कं करणं लागतं.

शाईचं पाणी नालीत, चिंध्या चुलीत

पर्जची शाई आणि फ्लशिंगचं द्रावण झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. जमिनीत मुरलं तर ते विहिरीपर्यंत जातं. हा घातक कचरा आहे. नागपूरजवळ बुटीबोरीला त्याच्या विल्हेवाटीची सामायिक सुविधा आहे. एकट्या दुकानाचा माल थोडा असतो, म्हणून तालुक्यातल्या चार-पाच दुकानांनी मिळून पाठवायची सोय करा. फ्लेक्स जाळू नका: हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिनही तयार होतात.

जुना फ्लेक्स सोयाबीनच्या गंजीवर झाकायला गावोगाव नेतात. नेऊ द्या, पण देताना दोन गोष्टी सांगा. छापलेली बाजू वर ठेवा, दाण्याला लागू देऊ नका. आणि उन्हाने कडक होऊन पापुद्रे सुटू लागले की तो लगेच काढून घ्या, नाहीतर त्याचे तुकडे वखरणीत मातीत जातात आणि पुन्हा वेचता येत नाहीत.