चर्च बदलायचं ठरवताना या चुका टाळा

"बाई, आम्ही आता त्या चर्चला जाणार नाही." रविवारची उपासना सुटली की चर्चच्या आवारात हे वाक्य मला वर्षातून सात-आठ वेळा तरी ऐकू येतं. मी शाळेतून निवृत्त झाले, पण मंडळीचं, म्हणजे आमच्या एका चर्चच्या लोकांचं, सभासद-रजिस्टर वीसेक वर्षं माझ्याकडे होतं. कोण आलं, कोण बदलीचं पत्र न घेता गेलं, कोण तीन वर्षांनी मान खाली घालून परत आलं, सगळं मला पाठ आहे. मी स्वतः जन्माने कॅथलिक, नगर जिल्ह्यातली. लग्न होऊन नाशिकला सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या घरात आले. त्यामुळे चर्च बदलणं चूक आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या घाईने लोक बदलतात, ती बघून मात्र जीव तुटतो.

भांडण मंडळीशी आणि सोडचिठ्ठी पंथाला

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी.

सिडकोत राहणारा एक मुलगा माझ्याकडे आला. तिशीचा असेल, संडे स्कूलमध्ये माझ्याच हाताखालून गेलेला. म्हणाला, "बाई, मला कॅथलिक व्हायचंय." मी विचारलं, का रे? तर कमिटीच्या निवडणुकीत त्याच्या वडिलांचं नाव मतदारयादीतून गाळलं होतं, वर्गणी थकली म्हणून. वर्गणीची पावती त्याच्या खिशात होती. राग खरा होता आणि रास्तही होता.

मग मी पुढचं विचारलं. पोपचा अधिकार तुला मान्य आहे का? फादरसमोर पापनिवेदन करशील? पवित्र मारियेकडे विनंती करताना जीभ अडखळणार नाही? त्याने यातल्या कशाचाच विचार केला नव्हता. यादी करणाऱ्यांची तोंडं दर रविवारी बघावी लागू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

मी कॅथलिक घरात वाढले म्हणून सांगते. तिथे जायचं तर मिस्सेसाठी, म्हणजे तिथल्या प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी जावं, वेदीवरची ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर आहे असं मनात ठाम झालं म्हणून जावं. कमिटीवरच्या रागाने जाऊ नये. कमिट्या तिथेही असतात.

अशा वेळी मी एकच करायला लावते. एक साधी वही घ्यायची. एका पानावर लिहायचं, कोणत्या माणसांनी काय केलं. समोरच्या पानावर लिहायचं, या पंथाची कोणती शिकवण मला आता मान्य नाही, किंवा इथे माझी प्रार्थना कशाने अडते. महिनाभर लिहायचं, कोणाला दाखवायचं नाही. त्या मुलाचं पहिलं पान दोन्ही बाजूंनी भरलं. दुसऱ्या पानावर एकच ओळ होती, "उपासनेत शांतता मिळत नाही." ती ओळ धरून मी त्याला दोन महिने वेगवेगळ्या ठिकाणी बसायला पाठवलं, मिस्सेलाही पाठवलं. आज तो याच धर्मप्रांतातल्या दुसऱ्या सीएनआय चर्चमध्ये जातो. वडिलांचं नाव पुढे यादीत आलं, पण तो जुन्या चर्चमध्ये परतला नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मंडळी बदलायची होती, त्याने मंडळी बदलली.

सीएनआयची सगळी चर्चेस एकाच वळणाची नाहीत, हेही लोक विसरतात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एक झाली, त्यात अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेचं युनायटेड चर्च होतं, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथॉडिस्टही होते. अमेरिकन मिशनचे मेथॉडिस्ट बाहेर राहिले, त्यांचं मेथॉडिस्ट चर्च आजही वेगळं आहे. नाशिकचं जुनं काम चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे अँग्लिकन. शरणपूर त्यांनीच वसवलं. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचा जोर, तो काँग्रिगेशनल वळणाचा. त्यामुळे नगरहून सातपूर-अंबडला नोकरीसाठी आलेलं कुटुंब इथे गुडघे टेकून छापील प्रार्थना म्हणताना बावचळतं आणि दुसऱ्याच रविवारी ठरवून टाकतं, "हे आपलं चर्च नाही." अहो, आपलंच आहे. पुस्तकातली पानं कधी उलटायची हे समजायला सहा रविवार लागतात, तेवढे तरी द्या.

जुनं सोडलं, नवं धरलंच नाही

हे मी स्वतःच्या घरातून सांगते.

आमच्या घराजवळ एका हॉलमध्ये नवी फेलोशिप, म्हणजे एक स्वतंत्र प्रार्थनागट, सुरू झाली होती. गाणी चांगली, माणसं प्रेमळ, चालत जाण्याएवढं अंतर. आम्ही तिकडे जाऊ लागलो. जुन्या चर्चला कळवलं नाही, वर्गणी आपोआप थांबली. फेलोशिपमध्ये सभासदांची नोंद ठेवायची पद्धतच नव्हती. "बघू पुढे" म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

मग एका मे महिन्यात, रात्री दोनच्या सुमारास, सासरे गेले. सकाळी फेलोशिपचे पास्टर धावत आले, प्रार्थना केली, घरच्यांना धीर दिला. पण त्यांच्याकडे दफनभूमी नव्हती. दफनभूमीच्या कमिटीने पाळकांचं पत्र मागितलं. जुन्या चर्चमध्ये आमची नावं रजिस्टरमधून कमी केलेली होती, आणि तिथले नवे पाळकसाहेब आम्हाला ओळखतही नव्हते. माझे यजमान आणि दीर स्कूटरवरून शहरभर फिरत होते. मी घरात बर्फाच्या लाद्यांशेजारी बसून होते. सासूबाई सारखं एकच विचारत होत्या, "ज्या चर्चच्या छपरावर चढून यांनी कौलं बदलली, तिथलं एक पत्र मिळत नाही का ग?" दुपारी चारला एका निवृत्त पाळकांनी मध्यस्थी केली तेव्हा माती मिळाली. नियमाप्रमाणे कमिटीचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. चूक आमची होती. त्यानंतरच रजिस्टरचं काम मी मागून घेतलं.

म्हणून माझा नियम साधा आहे. नव्या ठिकाणचं सभासदत्व हातात पडेपर्यंत जुन्या ठिकाणची वर्गणी बंद करायची नाही. नव्या ठिकाणी पहिल्या महिन्यातच संकोच न करता विचारायचं, आपल्या लोकांचं दफन कुठे होतं? लग्न कोण लावतं? लग्नाची गोष्ट किरकोळ नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार प्रार्थना चालवणाऱ्या कोणालाही लग्न लावता येत नाही. बिशपांकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू, कायद्याखाली परवाना घेतलेले पाळक, विवाह निबंधक, अशी ठरावीक माणसंच ते लावू शकतात. परवाना नसलेल्या हातून लग्न लागलं की पुढे दाखल्यासाठी त्या जोडप्याचे जे हाल होतात, ते मी पाहिलेत. चांगल्या पास्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. ज्यांना येतो, तिथे नाव लिहायची घाई करू नका.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा बाप्तिस्मा

नव्या मंडळीत गेल्यावर कोणीतरी हळूच म्हणतं, "तुमचा लहानपणीचा बाप्तिस्मा धरला जात नाही." लगेच पुढच्या रविवारी पाण्यात उतरायची तयारी होते. घरी आई रडते, नवरा-बायकोत अबोला येतो.

आधी वस्तुस्थिती समजून घ्या. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. सीएनआयमधून कॅथलिक होणाऱ्याला तो पुन्हा घ्यावा लागत नाही, विश्वासाची जाहीर कबुली देऊन स्वीकारलं जातं, आणि त्याआधी काही महिने शिकवणी होते. मी उलट दिशेने आले, माझाही कोणी पुन्हा दिला नाही. सीएनआयमध्ये बालकाचा आणि मोठेपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे चालतात, कारण बॅप्टिस्ट आणि ब्रदरन मूळ एकीकरणातच होते. पेंटेकॉस्टल आणि बॅप्टिस्ट मंडळ्या मात्र मोठेपणी, स्वतः विश्वास धरून, बुडवून घेतलेला बाप्तिस्माच खरा मानतात, आणि तान्ह्या बाळाचं फक्त समर्पण करतात. साल्वेशन आर्मीत तर बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत.

पुन्हा बाप्तिस्मा घेणं म्हणजे "माझ्या आईबापांनी मला दिलेला बाप्तिस्मा नव्हताच" असं सगळ्यांसमोर म्हणणं. पूर्ण खात्रीने म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण ही खात्री तीन आठवड्यांत येते यावर माझा विश्वास नाही. वर्षभर थांबा. जी मंडळी तुम्हाला वर्षभर थांबू देत नाही, तिच्याबद्दल मला शंका येते.

लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. त्यांचा बदल आपल्या बदलापेक्षा कितीतरी मोठा होता, धर्माचाच होता, आणि सगळं घर त्यात पोळलं. तरी नवऱ्याच्या मागोमाग दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' मांडला, तिथे बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांनाही जागा होती. घाई करणाऱ्या मुलांना मी लक्ष्मीबाईंची ती मधली पाच वर्षं आवर्जून सांगते. मलाही सासरच्या चर्चमध्ये नाव लिहायला चार वर्षं लागली. आजही ८ सप्टेंबरच्या सुमाराला हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे पवित्र मारियेच्या यात्रेला मी जाते, आणि आमचे पाळक काही म्हणत नाहीत.

सणाच्या दिवशी चर्च बघायला जाणं

नाताळ, ईस्टर, नाशिकरोडच्या बाळ येशूची फेब्रुवारीतली यात्रा, या दिवशी प्रत्येक ठिकाण भरलेलं आणि गोड वाटतं. जुलैतल्या मुसळधार पावसाच्या रविवारी जा. किती जण आलेत, उपदेशाची तयारी झाली आहे का, गळणाऱ्या छपराखालच्या म्हातारीला कोणी उठून जागा देतं का, ते तेव्हा दिसतं.

हसून हात मिळवला म्हणजे स्वागत झालं असं समजणं

दारात हात मिळवायला माणूस नेमलेला असतो. त्याच्यावरून काहीच ठरवू नका. मी शेवटच्या बाकावर बसते आणि उपासना संपल्यावर दहा मिनिटं तिथेच थांबते. चहाच्या वेळी विधवा बाई कोणाशी बोलतेय? घटस्फोटित मुलगी एकटीच चप्पल घालून निघून जातेय का? मतिमंद मुलाने मध्येच आवाज केला तेव्हा किती माना वळल्या, आणि कशा वळल्या? तुम्ही दुसऱ्या रविवारी गेला नाहीत तर कोणाचा फोन आला का?

आणखी एक. पहिल्याच भेटीत "आडनाव काय? मूळ गाव कोणतं? म्हणजे मूळचे कोण?" असे प्रश्न सुरू झाले तर ते गप्पांसाठी असतात असं मी मानत नाही. प्रभूच्या मेजाभोवती बसणाऱ्यांनी एकमेकांची जुनी जात चाचपावी, याचं मला आजही तितकंच दुःख होतं. अशा ठिकाणी तुम्हाला प्रेम मिळालं तरी तुमच्या मुलांच्या लग्नाच्या वेळी तो प्रश्न परत येणार.

छोट्या, पण महाग पडणाऱ्या

पंथ बदलला म्हणून अॅफिडेव्हिट आणि गॅझेटसाठी धावू नका. धर्म तोच आहे, ख्रिस्ती.

पाहुणे म्हणून मिस्सेला गेलात तर कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या रांगेत सरळ उभे राहू नका. कॅथलिक चर्चमध्ये ते साधारणपणे कॅथलिकांनाच दिलं जातं. आधी फादरना विचारा, यात अपमान नाही.

सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीची उपासना शनिवारी असते. मन बसलं असेल तर कारखान्याची शिफ्ट आणि मुलांची शनिवारची शाळा आधी बघा, नंतर नाही.

मुलीला पुढे पाळक व्हावंसं वाटलं तर काय, हा प्रश्न आजच विचारा. सीएनआयमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, कॅथलिक चर्चमध्ये मिळत नाही.

भाषा हलकी धरू नका. इंग्रजी उपासना मुलांना आवडते म्हणून गेलेल्या घरांतली आजी तीन वर्षं गप्प बसून असते. तिला मराठी भजन हवं असतं.

मोबाइलवर उपासना बघून चर्च निवडू नका. तिथे फक्त स्टेज दिसतं.

आणि जिथे "विश्वास असेल तर बीपीची, शुगरची गोळी बंद करा" असं सांगतात, तिथून त्याच दिवशी उठून या. मी रोज आजाऱ्यांसाठी प्रार्थना करते आणि माझी गोळीही रोज घेते.

न सांगता निघून जाणं

ठरलंच असेल तर जुन्या पाळकांना घरी जाऊन भेटा. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. "आम्ही अमुक ठिकाणी जातोय, आम्हाला बदलीचं पत्र द्या," एवढंच म्हणा. वहीतल्या पहिल्या पानावरच्या तक्रारी तिथे वाचू नका. पत्रासोबत बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि लग्न, तिन्हींचे दाखले मागा, प्रत्येकी दोन प्रती. शिक्का आणि तारीख तिथेच तपासा, आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळवून बघा. जुन्या रजिस्टरमध्ये आजोबांचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, आणि दुरुस्ती करून घ्यायला हीच वेळ बरी असते, कारण रजिस्टर उघडं असतं आणि ते लिहिणारं माणूस समोर बसलेलं असतं.