ब्लिस्टर फॉइलवर लॅकरची पकड कशी वाढवावी

गोळ्यांच्या ब्लिस्टरवरील अॅल्युमिनियम फॉइलचे लॅकर (फॉइलवर चढवलेला, उष्णतेने प्लास्टिकला चिकटणारा लेप) सुटू लागले की पहिला संशय लॅकरवर घेतला जातो आणि पुरवठादाराला फोन लागतो. त्याआधी थर नेमका कोठून सुटला हे पाहावे. सील झालेल्या ब्लिस्टरचे फॉइल सावकाश सोलून दोन्ही पृष्ठभाग तिरप्या उजेडात न्याहाळावेत. लॅकरचा थर पीव्हीसीवर (गोळ्यांच्या कप्प्यांच्या प्लास्टिकवर) राहून धातू उघडा पडला असेल, तर लॅकर आणि धातू यांची पकड कमी पडली आहे. लॅकर फॉइलवरच टिकले असेल, तर दोष बहुधा सीलिंगचे तापमान, दाब किंवा वेळ यांत असतो. नजरेला खात्री पटत नसेल, तर एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे लॅकर विरघळवणाऱ्या द्रवात, भिजवलेल्या बोळ्याने फॉइलची बाजू पुसावी. लॅकर शिल्लक असेल तर ते विरघळून चिकट लागते.

पकडच कमी असेल, तर सर्वांत आधी फॉइलची स्वच्छता तपासावी, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त प्रश्न येथेच सुटू शकतात. ब्लिस्टरचे 20 किंवा 25 मायक्रॉनचे फॉइल सहसा हार्ड टेम्परचे, म्हणजे मऊ न केलेले कडक, असते. मऊ फॉइलचे रोलिंग ऑइल (पत्रा लाटताना वापरलेले तेल) पूर्ण अॅनिलिंगच्या, म्हणजे धातू मऊ करण्यासाठी तापवण्याच्या, उष्णतेने उडून जाते, हार्ड फॉइलला मात्र ती उष्णता देता येत नाही, आणि उरलेल्या तेलाच्या अदृश्य थरावर उत्तम लॅकरही टिकत नाही. पृष्ठभागावर शुद्ध पाणी सलग पसरते (म्हणजे स्वच्छ) की थेंब होऊन गोळा होते (म्हणजे तेलकट), हे रोलच्या दोन्ही कडांना आणि मध्यभागी पाहावे. केवळ मधला नमुना घेतल्यास कडेचे तेल हमखास निसटते. पृष्ठभाग किती ओला होतो हे दाखवणारे डाइन पेनही उपयोगी आहे. कोटिंग मशीनवरच कोरोना ट्रीटमेंट (पृष्ठभागावर विजेचा विसर्ग सोडण्याची प्रक्रिया) दिल्यास पृष्ठभाग लगेच सुधारतो, परंतु हा परिणाम साठवणीत ओसरत जातो, म्हणून ट्रीटमेंट आणि कोटिंग यांत अंतर ठेवू नये. तेलाचा जाड थर मात्र कोरोनाने नाहीसा होईल अशी अपेक्षा धरू नये.

लॅकर निवडताना धातूशी जुळणारे रासायनिक गट असलेले रेझिन (लॅकरचा थर बनवणारा मूळ पदार्थ) मागावे. व्हिनाइल क्लोराइड-व्हिनाइल अॅसिटेट कोपॉलिमरमध्ये (दोन घटकांच्या जोड-रेझिनमध्ये) मलेइक आम्लाचा अल्प अंश असल्यास त्याचे कार्बॉक्सिल गट फॉइलवरील ऑक्साइडच्या थराला धरून ठेवतात. साध्या कोपॉलिमरला ही पकड नसते, आणि मग प्रायमर, म्हणजे लॅकरखालचा पकड देणारा थर, लागतो.

लॅकर टप्प्याटप्प्याने (झोनमध्ये) सुकवणाऱ्या ड्रायरकडे दुर्लक्ष करू नये. वेग वाढवण्याच्या घाईत पहिल्या झोनचे तापमान चढवले, तर वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आत अडकलेले सॉल्व्हंट पकड कमकुवत करते. शिवाय औषधाच्या पॅकिंगमध्ये उरलेले सॉल्व्हंट हा स्वतंत्र दोषच आहे. तापमान झोनगणिक वाढवावे आणि हवेचा प्रवाह पुरेसा ठेवावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीतील कारखान्यांत, वाफ होणाऱ्या सॉल्व्हंटमुळे पृष्ठभाग थंडावून दमट हवेतील पाणी ओल्या थरावर बसते, नायट्रोसेल्युलोज लॅकर पांढरट पडते आणि चिकटत नाही. अशा दिवसांत हवेतील दमटपणा आवरावा, हळू उडणाऱ्या सॉल्व्हंटचे प्रमाण पुरवठादाराला विचारूनच वाढवावे, आणि वातानुकूलित गोदामातून आणलेला रोल खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये.

प्रत्येक रोलच्या सुरुवातीला व शेवटी चिकटपट्टीची चाचणी घ्यावी: पट्टी बोटाने घट्ट दाबून झटक्यात ओढावी आणि तिच्यावर लॅकर आले आहे का हे काळ्या कागदावर धरून पाहावे. तीच चाचणी दमट हवेत ठेवलेल्या तुकड्यावरही करावी, कारण ताजे असताना घट्ट वाटणारे कोटिंग ओलाव्याने नंतर सुटू शकते.