बिल्ड फेल होतोय? मग या चुका टाळा

'दादा, बिल्ड फेल झालाय, जरा बघता का?' असा मेसेज येतो, सोबत स्क्रीनशॉट. त्यात लॉगच्या (बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार होताना कॉम्प्युटर लिहितो त्या नोंदींच्या) शेवटच्या चार ओळी, आणि त्या चार ओळी काय सांगतात? बिल्ड फेल झाला! ते तर पाठवणाऱ्याला आधीच ठाऊक होतं.

पॅकेज किंवा लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड) नसल्यामुळे फेल होणारे बिल्ड हा खरं तर सगळ्यात सोपा प्रकार. काय नाहीये ते कॉम्प्युटर स्वतः नाव घेऊन सांगत असतो. ते वाचायचे कष्ट मात्र कुणाला नकोत.

लॉग खालून वाचणे

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक हीच. उदाहरण घ्या. उबुंटू लिनक्सवर पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) 'सायकोपीजी२' (पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारं पॅकेज) टाकायला जाता, स्क्रीनभर लाल मजकूर येतो आणि शेवटी कुठेतरी पिपचं नाव दिसतं. झालं, लगेच पिप अपग्रेड, मग पायथन रीइन्स्टॉल, मग अख्खं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टची पायथन पॅकेजेस वेगळी ठेवायची जागा) उडवून नवीन. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्याच मजकुरात पिप स्वतः सांगत असतो की हा बहुधा माझा दोष नाही. आणि बरंच वर, कुणी न वाचलेल्या ओळीत, खरं कारण असतं: 'पीजी_कॉन्फिग एक्झिक्युटेबल नॉट फाउंड'.

उपाय एका ओळीचा. ॲप्टने (उबुंटूचं पॅकेजेस टाकणारं साधन) 'लिबपीक्यू-डेव्ह' टाका. 'पायथन.एच' फाइल सापडत नाही म्हणाला, तर 'पायथन३-डेव्ह'. फेडोरा लिनक्सवर याच पॅकेजांच्या नावात 'डेव्ह'च्या जागी 'डेव्हेल' असतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'पण पोस्टग्रेस तर आहे माझ्याकडे!' असेल ना. लायब्ररी चालवायला लागणाऱ्या फाइली वेगळ्या आणि त्या लायब्ररीवर दुसरं काही कंपाइल करायला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या. डेबियन आणि उबुंटू ही दोन वेगळी पॅकेजेस ठेवतात, कारण नुसतं ॲप चालवणाऱ्याला हेडर लागत नाहीत. तुम्ही कंपाइल करताय, तुम्हाला लागतात. एवढं एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

माझी सवय सांगतो. लॉग आधी फाइलमध्ये घेतो आणि 'एरर' हा शब्द वरून शोधतो. पहिला सापडेल तोच खरा, बाकीचे बहुतेक त्याची पिल्लं. 'मेक' (बिल्ड चालवणारं साधन) एकाच वेळी आठ कामं करत असेल तर आउटपुटची खिचडी होते, म्हणून फेल झाल्यावर एकदा एकाच कामावर चालवतो. 'कॉन्फिगर' (बिल्डआधी मशीनवर काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) अडला असेल तर स्क्रीनकडे न बघता थेट 'कॉन्फिग.लॉग' उघडतो. त्यात कुठली चाचणी कुठल्या ओळीवर फसली ते लिहिलेलं असतं. हेडरचं नाव कळलं पण पॅकेजचं नाही, तर 'ॲप्ट-फाइल सर्च', फाइल कुठल्या पॅकेजमध्ये आहे ते तो सांगतो. गूगलवर दहा वर्षं जुनी उत्तरं चाळण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता कुणी म्हणेल, त्यापेक्षा आधीच कंपाइल केलेलं 'सायकोपीजी२-बायनरी' टाकलं की कटकट मिटली. शिकताना जरूर टाका. पण प्रॉडक्शनसाठी सोर्समधून बिल्ड करा, असं ते पॅकेज बनवणारेच सांगतात.

वापरलेलं पॅकेज लिहून न ठेवणे आणि लॉक फाइल फेकून देणे

या दोन चुका जोडीने फिरतात, म्हणून किस्साही एकच. (लॉक फाइल म्हणजे प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी फाइल.)

गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवारी क्लायंटला डेमो. सर्व्हरवरचा बिल्ड अचानक फेल, एरर 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल लोडॅश'. लोडॅश हे जावास्क्रिप्टचं एक पॅकेज. त्या दिवशी कोडमध्ये फक्त एका बटणाचा रंग बदलला होता, त्यामुळे अख्खी टीम त्या बिचाऱ्या बटणावर तुटून पडली. सगळ्यांच्या लॅपटॉपवर बिल्ड मात्र झकास. मग एका उत्साही वीराने शॉर्टकट काढला. आपल्या मॅकबुकवरचं, टाकलेली पॅकेजेस ठेवणारं 'नोड_मॉड्यूल्स' फोल्डर झिप करून थेट सर्व्हरवर टाकलं. लोडॅश सापडलं, बिल्ड झाला, शाबासकीही मिळाली. ॲप सुरू केल्यावर 'बीक्रिप्ट' या पॅकेजपाशी नवा एरर, 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर'. मॅकसाठी कंपाइल झालेली बायनरी लिनक्स कशी चालवणार? आगीतून फुफाट्यात पडल्यावर मला फोन आला.

मी म्हटलं, ते फोल्डर उडवा आणि एका लॅपटॉपवर 'एनपीएम एलएस लोडॅश' (एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस टाकणारं साधन) चालवून काय येतं ते वाचून दाखवा. लोडॅश भलत्याच एका पॅकेजच्या पोटात निघालं. 'पॅकेज.जेसन'मध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) त्याचं नाव कधी लिहिलंच नव्हतं. एनपीएम ३ पासून आतली पॅकेजेससुद्धा जमेल तेवढी वरच्याच फोल्डरमध्ये ठेवली जातात, म्हणून न लिहिता वापरलेलं पॅकेजही सापडतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्या मधल्या पॅकेजने नव्या व्हर्जनमध्ये लोडॅश काढून टाकलं. सर्व्हर दर वेळी कोरं इन्स्टॉल करायचा, त्याला नवं व्हर्जन मिळालं. लॅपटॉपवर जुनंच पडून होतं.

लॉक फाइल असती तर हे त्या दिवशी झालं नसतं. ती 'गिटइग्नोर'मध्ये (गिटने न ठेवायच्या फाइलींची यादी) होती. का? 'मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट यायचे.' यावर काय बोलणार!

लोडॅश 'पॅकेज.जेसन'मध्ये लिहिलं, लॉक फाइल गिटमध्ये आली आणि सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल'च्या जागी 'एनपीएम सीआय'. ही कमांड आधी जुनं फोल्डर उडवते, आणि लॉक फाइल व 'पॅकेज.जेसन' जुळत नसतील तर तिथेच थांबते. थांबली की लोक वैतागतात, पण ती थांबावी म्हणूनच तर वापरायची. मी स्वतः मर्जआधी रिकाम्या कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळं, कोरं वातावरण) कोडचा ताजा क्लोन घेऊन बिल्ड करतो. वेळ जातो, जाऊ दे. नवीन प्रोजेक्ट असेल तर एनपीएमच्या जागी 'पीएनपीएम' घ्या. न लिहिलेलं पॅकेज वापरलंत तर ते सहसा पहिल्याच दिवशी अडवतं.

बाकीच्या, थोडक्यात

इम्पोर्टचं नाव म्हणजेच पॅकेजचं नाव, असं धरू नका. 'सीव्ही२'साठी 'ओपनसीव्ही-पायथन', 'पीआयएल'साठी 'पिलो', 'यॅमल'साठी 'पाययॅमल'. अंदाजाने किंवा चॅटबॉटने सुचवलं म्हणून नाव टाइप करू नका. मिळत्याजुळत्या नावाची घातक पॅकेजेस मुद्दाम टाकून ठेवलेली असतात.

सर्व्हरवर 'टीएससी नॉट फाउंड' (टीएससी म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) आलं, तर 'नोड_ईएनव्ही' हे सेटिंग प्रॉडक्शनवर आहे का बघा. तसं असेल तर एनपीएम डेव्ह डिपेंडन्सीज (फक्त डेव्हलपमेंटला लागणारी पॅकेजेस) टाकतच नाही, आणि तुमचा कंपायलर नेमका तिथेच लिहिलेला असतो.

इन्स्टॉल अडला की त्याच्या तपासण्या दडपणारे हे पर्याय लावू नका: 'फोर्स', 'लीगसी-पीअर-डेप्स', 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस'. शेवटच्याच्या नावातच 'ब्रेक' आहे, तरी लोक कॉपी-पेस्ट करतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवायला एक ओळ लागते हो.

'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स' दिसलं तर ते पिपवर शोधत बसू नका. ते पायथनसोबतच यायचं, पायथन ३.१२ मधून काढून टाकलंय. जुनं पॅकेज अपडेट करा, नाहीतर पायथनचं व्हर्जन पक्कं लिहून ठेवा. 'सेटअपटूल्स' टाकून वेळ मारून नेता येते, पण मग तेही डिपेंडन्सीच्या यादीत लिहा.

इंटरनेटवर आज आहे ते उद्याही असेल, हा भ्रम सोडा. मार्च 2016 मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं जेमतेम 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढलं आणि जगभरचे बिल्ड पडले. सेंटओएस ७ या लिनक्सचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला. त्याची नेहमीची मिरर (पॅकेजेस देणारे सर्व्हर) बंद झाली आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले बिल्ड 'यम'पाशी, म्हणजे त्याच्या पॅकेजेस टाकणाऱ्या साधनापाशी, अडले. पॅकेजेस आता 'व्हॉल्ट' या जुन्या व्हर्जनांच्या संग्रहात मिळतात, पण तो पत्ता नवीन मशीनवर जाईपर्यंतच वापरा.

आणि डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बनवायचा ते सांगणारी फाइल) 'ॲप्ट-गेट अपडेट' एका 'रन' कमांडमध्ये आणि 'इन्स्टॉल' दुसऱ्यात लिहू नका. पहिल्या 'रन'ची लेअर जुन्या साठ्यातून (कॅश) येते, पॅकेजांची यादी शिळी राहते आणि इन्स्टॉल करताना ४०४. दोन्ही एकाच 'रन'मध्ये, मध्ये दोन अँपरसँड (&&).