आवाजी आज्ञांनी आभासी जगात फिरताना

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीत, म्हणजे डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमधून दिसणाऱ्या आभासी जगात, आवाजाच्या साहाय्याने फिरायचे म्हटले की ‘पुढे चल’, ‘थांब’ अशाच आज्ञा आधी सुचतात. मात्र त्यांनी सुरुवात करू नये. बोललेला शब्द ओळखायला यंत्राला थोडा वेळ लागतोच, त्यामुळे सुरू झालेली हालचाल हव्या त्या जागी क्वचितच थांबते. शिवाय डोळ्यांना गती दिसत असताना आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, आणि या विसंगतीमुळे अनेकांना मळमळते. म्हणून कुठे जायचे ते नजरेने ठरवावे आणि केव्हा जायचे ते आवाजाने सांगावे.

प्रथम हेडसेटच्या सेटिंग्जमध्ये मायक्रोफोनची परवानगी आणि बोलण्याची भाषा तपासावी. परवानगी प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी द्यावी लागू शकते.

मोकळ्या जागेत उभे राहून किंवा, त्याहून बरे, फिरत्या खुर्चीत बसून सराव करावा. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये विंडोज ११ मधून काढून टाकलेल्या विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी या प्रणालीच्या आभासी घरात जमिनीवरील एखाद्या जागेकडे पाहून ‘टेलिपोर्ट’ म्हटले की आपण थेट तिथे पोहोचत असू. अशा उडीत मधला प्रवास दिसतच नसल्याने मळमळही टळते. मान आधी स्थिर करावी, मग नेहमीच्या आवाजात एकदाच शब्द उच्चारावा. शब्द तोडून किंवा ओरडून बोलल्यास ओळख सुधारण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता अधिक. उडी पूर्ण होईपर्यंत पुढची आज्ञा देऊ नये.

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीत, म्हणजे खऱ्या जगावरच आभासी चित्रे दिसतात तेव्हा, पाय आपलेच चालतात, आवाज हलवतो तो समोर दिसणाऱ्या अ‍ॅपच्या खिडक्यांना. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या हेडसेटवर ‘सिलेक्ट’ म्हटल्यावर नजरेचा ठिपका दिसू लागतो. डोके वळवून तो बटणावर आणावा आणि पुन्हा ‘सिलेक्ट’ म्हणावे. ‘फॉलो मी’ म्हटले की खिडकी आपल्यामागून येते. आज्ञा आठवत नसतील तर ‘व्हॉट कॅन आय से?’ असे विचारावे, यादी समोर येते. ज्यांना हातांचा वापर करता येत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅपल व्हिजन प्रो या हेडसेटमधील व्हॉइस कंट्रोल ही आवाजाने नियंत्रणाची सोय फार मोलाची आहे: ‘शो नंबर्स’ म्हटल्यावर पडद्यावरील घटकांना क्रमांक मिळतात आणि क्रमांक उच्चारून हवा तो घटक निवडता येतो. अशी सोय प्रत्येक हेडसेटमध्ये असायलाच हवी, असे मला ठामपणे वाटते.

इतरांसोबत एकाच आभासी खोलीत असताना आपल्या आज्ञा त्यांनाही ऐकू जाऊ शकतात, आणि स्पीकरमधून येणारे त्यांचे बोलणे आपला मायक्रोफोन आज्ञा म्हणून टिपू शकतो; अशा वेळी इअरफोन वापरावेत. टेलिपोर्ट केल्यावर शरीर मात्र मूळ खोलीत होते तिथेच असते, म्हणून सुरक्षित क्षेत्राची आखलेली सीमा बंद न करता तिच्या आतच वावरावे.