सोलापुरात राहून ब्रिटिशकाळावर पीएचडी करायची असेल तर

इतिहासात पीएचडी करायची आणि विषय ब्रिटिश राजवटीचा घ्यायचा, असं ठरवून मुलं-मुली भेटायला येतात तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात मार्शल लॉ असतो. सोलापूरकराच्या ते रक्तातच आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, १२ मे रोजी लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. हा विषय जरूर घ्या. पण माझं काम सेटलमेंटवर, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कुंपणाआड ठेवलेल्या वसाहतींवर आहे, आणि त्या कामाच्या जोरावर एक गोष्ट आग्रहाने सांगते: प्रबंध १९४७ला थांबवू नका.

अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१चा. सुरुवातीला तो उत्तरेत होता. १९११च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल सुरू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली गेली, ती का, हे कळायला गिरण्यांकडे बघावं लागतं. गिरण्यांना हात हवे होते, सरकारला भटक्यांना एका जागी बांधायचं होतं. ‘सुधारणा’ हे नाव दोघांच्याही सोयीचं होतं.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ला गेला, देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण मुंबई राज्यानेच १९५९ला सराईत गुन्हेगारांसाठी कायदा केला, आणि पोलिसांचा संशय तिथेच राहिला. तुरुंगांच्या नियमांतला जातिभेद सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्या निकालातही विमुक्त जमातींचा प्रश्न आहे. मग राजवट संपली ती नेमकी कुठल्या तारखेला? प्रबंधाचा खरा प्रश्न मला इथे सापडला.

कागद मुंबईत आहेत. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दफ्तर आहे. गाइडचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा. सूचीत ‘शोलापूर’ असं जुन्या इंग्रजी स्पेलिंगने शोधा, नाहीतर हाती काही लागत नाही. गृह खात्याबरोबर न्याय खात्याच्या फायलीही मागवा. वही आणि पेन्सिल हवीच. कडा इतक्या ठिसूळ असतात की पान उलटताना दोन्ही तळहात खाली द्यावे लागतात. घाई करू नका, पुढच्या माणसालाही ते पान लागणार आहे.

सेटलमेंटच्या अहवालांत किती जण गिरणीत, किती शाळेत, किती ‘फरारी’ असे रकाने असतात. वाचताना सगळं पटत जातं, आणि धोका तिथेच असतो. सेटलमेंट भागातल्या एका आजींना मी हजेरीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, “बाप फरारी नव्हता गं, बहिणीच्या लग्नाला गेलता. पास दिला नाही, म्हणून तसाच गेला.” एवढं सांगून त्या भाकरी थापायला लागल्या. त्यानंतर फरारींचा रकाना मी आकडा म्हणून वाचलाच नाही. किती जण लग्नाला, किती जण मयताला गेले असतील, हे विचारू लागले.

मुलाखतीला जाताना रेकॉर्डर लगेच काढू नका. आधी दोन-तीनदा नुसतं जाऊन बसा, परवानगी घ्या, आणि नाव छापायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. या वस्तीत आजवर नोंद केली ती पोलिसांनी. वही दिसली की माणसं गप्प होतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मराठीबरोबर कानडी किंवा तेलुगू कामापुरती आली तरी दारं उघडतात.

पैशाचं आधी बघा. नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर उत्तम. विमुक्त, भटक्या आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची फेलोशिप आहे, अनुसूचित जातींसाठी बार्टी या तशाच संस्थेची. जाहिरातींवर नजर ठेवा आणि जातवैधता, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. मुंबईच्या फेऱ्या, राहणं, झेरॉक्स यांना पहिल्या वर्षीच पैसे लागतात आणि फेलोशिपचा हप्ता उशिरा येतो.